पत्र्याचं घर उन्हाळ्यात गार कसं ठेवायचं: सांगली-साताऱ्यासाठी छपरापासून वीजबिलापर्यंत

होळी झाली की मिरज, तासगाव, विटा, दहिवडी या पट्ट्यात दुपारी पत्र्याच्या घरात बसवत नाही. पहिल्या वर्षी कूलर येतो, पुढच्या वर्षी हप्त्यावर एसी. बिल वाढतं, पण दुपारी तीनला खोलीत पाऊल टाकलं की डोक्यावर तीच झळ. यंत्र खोलीतली उष्णता बाहेर टाकत असतं आणि छप्पर तेवढीच पुन्हा आत ओतत असतं.

म्हणून माझं म्हणणं असं की पहिला पैसा छपरावर घाला, यंत्रावर नंतर. छपरावरच्या कामालाही क्रम आहे. आधी ऊन बाहेरच्या बाहेर परतवायचं, मग पत्र्याखालची झळ अडवायची, मग साठलेली गरम हवा वरून काढून द्यायची, आणि एसी-कूलरचा विचार त्यानंतर करायचा. हा क्रम उलटला की खर्च दुप्पट होतो आणि गारवा निम्माच मिळतो. मी छपरांचीच कामं करतो, आणि लोक पैसे वाया घालवतात ते बहुतेक या क्रमातच.

उष्णता नेमकी किती येते

एप्रिलच्या निरभ्र दुपारी छपराच्या एका चौरस मीटरवर साधारण १,००० वॅट ऊन पडतं. गंजून तपकिरी झालेला जुना पत्रा त्यातला ७० टक्के किंवा त्याहून जास्त भाग पिऊन टाकतो आणि ६० ते ६५ अंशांपर्यंत तापतो. तापलेला पत्रा वर आकाशाकडे आणि खाली तुमच्याकडे, दोन्ही बाजूंना उष्णता फेकतो. खोलीच्या वाट्याला ढोबळमानाने चौरस मीटरमागे २०० वॅट येतात. १० बाय १२ फुटांची खोली म्हणजे सुमारे ११ चौरस मीटर. म्हणजे ऐन दुपारी एकट्या छपरातून सव्वादोन किलोवॅट उष्णता आत येते. एक टनाचा एसी एका वेळी साडेतीन किलोवॅट उष्णता बाहेर काढतो. त्यातली अर्ध्याहून जास्त ताकद केवळ छपराशी झगडण्यात जाते.

याचा विजेचा हिशोब असा. सव्वादोन किलोवॅट उष्णता बाहेर टाकायला चांगला एसी तासाला ०.६ युनिटच्या आसपास वीज खातो. सकाळी आणि संध्याकाळी ऊन कमी असतं, ते धरून एसी दिवसभर चालणाऱ्या घरात छपरापायी रोज दोन ते अडीच युनिट जातात. मार्च ते मे हे तीन महिने धरले तर एका खोलीमागे दोनशे युनिट. शिवाय ही युनिटं बिलाच्या वरच्या टप्प्यात पडतात. महावितरणचे घरगुती टप्पे १०० पर्यंत, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि ५०० च्या पुढे असे आहेत, आणि प्रत्येक टप्प्याला दर चढतो. त्यामुळे वाचलेलं युनिट नेहमी महागातलंच वाचतं. बिलावर आपल्या शेवटच्या टप्प्याचा दर आणि त्यासोबतचा वहन आकार बघा आणि तो २०० ने गुणा. छपरावर किती खर्च करणं परवडेल, याचा पहिला अंदाज तिथेच मिळतो.

नवा, चकचकीत, बिनरंगाचा पत्राही तापतो, याचं लोकांना नवल वाटतं. तो ऊन बऱ्यापैकी परतवतो, पण जे थोडं शोषतो ते बाहेर सोडायला तो कंजूष असतो. धातूचा उघडा, चमकता पृष्ठभाग उष्णता किरणांच्या रूपात फारशी सोडत नाही. रंगाचा पृष्ठभाग सोडतो, मग रंग पांढरा असो की काळा. पांढरा रंग दोन्ही कामं करतो: ऊन परतवतो आणि शोषलेलं पटकन सोडतो.

आणि पत्र्याची एक जमेची बाजू. ०.४५ मिलिमीटर जाडीचा पत्रा चौरस मीटरला साडेतीन किलोच्या आसपास भरतो. पाच इंची स्लॅब तेवढ्याच जागेत ३०० किलोच्या घरात जातो. स्लॅब दिवसभर उष्णता पोटात साठवतो आणि रात्री बारापर्यंत खोलीत सोडत राहतो. पत्र्याकडे साठवायला काहीच नसतं. सूर्य कलला की तो तासाभरात निवतो. आटपाडी, जत, माण, खटाव या कोरड्या भागात रात्री आकाश मोकळं असतं आणि हवा पटकन गार होते. तिथे दिवसाची झळ अडवलेलं पत्र्याचं घर रात्री स्लॅबच्या घरापेक्षा सुखाचं असतं.

पायरी १: पत्रा कुठला आहे ते ओळखा

कामाला हात घालण्याआधी शिडी लावून छप्पर नीट बघा. आपल्याकडे चार प्रकार भेटतात. साधा जीआय पन्हळी पत्रा, म्हणजे पोलादावर जस्ताचा थर. गॅल्व्हल्यूम, ज्याच्या थरात ५५ टक्के अ‍ॅल्युमिनियम आणि बाकी बहुतेक जस्त असतं. हा गंजाला जास्त टिकतो. कलर कोटेड पत्रा, ज्याचा निळा, विटकरी, हिरवा रंग कारखान्यातच बसवलेला असतो. आणि चौथा सिमेंटचा पत्रा.

या चौथ्याबद्दल आधीच सांगतो. जुन्या सिमेंटच्या पत्र्यात अ‍ॅस्बेस्टॉस असतं. त्याला तारेचा ब्रश, ग्राइंडर, ड्रिल लावायचं नाही, तोडायचा नाही, कोरडा घासायचा नाही. त्याची धूळ फुप्फुसात कायमची बसते आणि दुखणं वीस-तीस वर्षांनी उघडं पडतं. असा पत्रा धडका असेल तर ओला करून मऊ कुंच्याने हलका साफ करा आणि वरून पांढरा लेप द्या, बस. आणि त्यावर थेट पाय देऊ नका. पत्रा फुटून माणूस खाली पडल्याच्या घटना दर उन्हाळ्यात होतात, कारण डागडुजी उन्हाळ्यातच निघते. दोन वाशांवर आडवी फळी टाकूनच पुढे सरका.

धातूच्या पत्र्यावरही स्क्रूच्या रांगेवर, म्हणजे जिथे खाली परलिन (पत्रा ज्यावर टेकतो तो आडवा वासा किंवा लोखंडी पट्टी) आहे तिथेच पाय द्या. चढताना स्क्रूचे रबरी वायसर तपासा. ऊन खाऊन ते चिरलेले असतील तर आत्ताच बदला. रंग झाल्यावर स्क्रू उकलला की त्याभोवतीचा थर फाटतो आणि पावसाळ्यात नेमकं तिथूनच पाणी येतं. बोटाएवढी भोकं पडलेला, हाताने दाबला तरी लचकणारा पत्रा रंगवण्यात अर्थ नाही. त्याला बदलूनच टाका.

पायरी २: आधी मोजा

हे काम कोणी करत नाही, आणि म्हणून लेप लावल्यावर 'फरक पडला की नाही' यावर घरात वाद होतात. एखाद्या इलेक्ट्रिशियनकडून इन्फ्रारेड थर्मामीटर अर्ध्या दिवसासाठी आणा. दुपारी दोन ते तीनच्या दरम्यान त्याने पत्र्याचं आतल्या बाजूचं तापमान आणि साध्या थर्मामीटरने डोक्याच्या उंचीवर हवेचं तापमान, हे दोन आकडे वहीत टिपा. एक खबरदारी घ्या. चकचकीत पत्र्यावर इन्फ्रारेडचं यंत्र हमखास चुकीचा, बराच कमी आकडा दाखवतं. पत्र्यावर काळ्या इलेक्ट्रिक टेपचा तुकडा चिकटवा, दहा मिनिटं थांबा आणि त्या टेपवर नेम धरा. सोबत वीजमीटरचं सकाळी नऊचं आणि संध्याकाळी सातचं रीडिंग आठवडाभर लिहा. लेप दिल्यावर अशाच कडक दिवशी पुन्हा मोजायचं आहे.

पायरी ३: पांढरा लेप

सगळ्यात कमी पैशात सगळ्यात जास्त फायदा देणारी पायरी हीच, म्हणून इथे वेळ घालवतो.

दुकानात 'कूल रूफ' लेप मागा. माहितीपत्रकात 'एसआरआय' नावाचा आकडा असतो. प्रमाण काळ्या पृष्ठभागाला ० आणि प्रमाण पांढऱ्याला १०० धरून तो काढतात. चांगल्या नव्या पांढऱ्या लेपाचा आकडा १०० च्या आसपास असतो. दुकानदार आकडा सांगू शकत नसेल किंवा माहितीपत्रकच नसेल तर तो डबा ठेवून द्या. वॉटरप्रूफिंगचे राखाडी आणि विटकरी लेपही त्याच फळीवर असतात. गळती थांबवायला ते चालतील, गारव्यासाठी उपयोगाचे नाहीत.

चुना लावू का, असं बरेच जण विचारतात, कारण पोल्ट्रीवाले लावतात. पोल्ट्रीच्या शेडवर बहुतेक सिमेंटचा पत्रा असतो आणि त्यावर चुना चांगला बसतो. फेविकॉल मिसळला तर एक उन्हाळा निघतो. जस्ताच्या आणि विशेषतः गॅल्व्हल्यूमच्या पत्र्यावर मात्र ओला चुना लावू नका. त्यातला अल्क जस्त आणि अ‍ॅल्युमिनियम दोन्ही खातो. शंभर रुपयांच्या चुन्यापायी पत्र्याचं आयुष्य कमी होतं.

वेळ निवडा जानेवारी-फेब्रुवारीची. एप्रिल लागला की पत्रा इतका तापतो की ब्रश टेकताच लेप सुकतो, नीट पसरत नाही, आणि दुपारनंतर वळीव आला तर अर्धा ओला थर पन्हळीतून वाहून जातो. ज्यांचं घर साखर कारखान्याच्या किंवा गुऱ्हाळाच्या जवळ आहे त्यांनी गाळप हंगाम संपेपर्यंत थांबा, नाहीतर ओल्या लेपावर बगॅसची (उसाच्या चिपाडाची) राख चिकटते. त्यांच्यासाठी मार्चची सकाळ.

काम असं करा. गंजलेल्या जागा तारेच्या ब्रशने आणि सँडपेपरने खरवडा. सैल पापुद्रा एकही ठेवू नका. मग साबणाच्या पाण्याने अख्खं छप्पर धुऊन घ्या, नुसतं झाडून भागत नाही. शेवाळ असेल तर ब्लीचिंग पावडरच्या पातळ पाण्याने ते आधी मारा आणि पुन्हा साध्या पाण्याने धुवा. पाटण, जावळी, शिराळा या पावसाच्या पट्ट्यात ते असतंच. एक पूर्ण दिवस वाळू द्या. गंजाच्या जागी रेड ऑक्साइड झिंक क्रोमेट प्रायमर. जिथे जस्त अजून उघडं आणि चकचकीत आहे तिथे जस्तासाठीचा खास प्रायमर. तो वॉश प्रायमर किंवा एच (etch) प्रायमर या नावाने मिळतो. ही पायरी पेंटर हमखास गाळतात. जस्तावर थेट ऑइलपेंट मारला की वर्ष-दोन वर्षांत पापडासारखे पापुद्रे सुटतात, आणि मग लोक म्हणतात, पत्र्यावर रंग टिकत नाही.

सांधे, स्क्रूची डोकी, आढ्याचा पत्रा जिथे चढतो ती कड, इथे आधी ब्रशने एक जाड हात द्या. मग दव सुकल्यावर सुरुवात करून साडेदहाच्या आत आवरा. हाताचा तळवा पत्र्यावर आरामात टेकवता येत नसेल तर त्या दिवसाचं काम संपलं. पहिला हात पन्हळीच्या दिशेने, दुसरा डब्यावर लिहिलेल्या तासांनंतर. दोन हातांपेक्षा कमी नको. डब्यावर लिटरला किती चौरस फूट हे लिहिलेलं असतं, पण पन्हळीमुळे पत्र्याचं खरं क्षेत्र मापापेक्षा जास्त भरतं. म्हणून ब्रासच्या (शंभर चौरस फुटांच्या) हिशोबात आलेल्या लेपावर दहा-पंधरा टक्के वाढवूनच माल आणा, नाहीतर पेंटर शेवटच्या रांगांना पाणी वाढवतो.

नीट लावलेल्या नव्या पांढऱ्या लेपाखाली तोच पत्रा ४५ अंशांच्या आसपास थांबतो, आणि खोलीकडे येणारी उष्णता २०० वॅटवरून ६०-७० वॅटवर येते. लेप मळला की हा आकडा शंभरच्या पुढे चढतो. राख आणि धूळ एवढं नुकसान करतात.

पायरी ४: पत्र्याखाली फॉइल, आणि मध्ये मोकळी जागा

लेपानंतरही पत्रा हवेपेक्षा गरम असतो. उरलेली झळ अडवायला अ‍ॅल्युमिनियमचं फॉइल लागतं. बाजारात ते बबल शीटला किंवा फोमला चिकटवलेलं मिळतं. फॉइल स्वतःकडून उष्णतेचे किरण जवळजवळ सोडतच नाही. पण ते काम करायला त्याच्या चमकत्या बाजूसमोर हवा लागते. चमकती बाजू वर करून पत्र्याला चिकटवून टाकलेलं फॉइल निरुपयोगी आहे. पत्रा आणि फॉइल यांच्यात किमान एक इंच मोकळी जागा ठेवा आणि चमकती बाजू खाली, खोलीकडे करा. वरच्या बाजूवर धूळ बसते, खालची स्वच्छ राहते, म्हणून ती खाली.

नवं छप्पर होत असेल तर परलिनवर तार किंवा जाळी ओढून त्यावर शीट अंथरतात आणि मग पत्रा बसवतात. जुन्या घरात परलिनच्या खालून बांधणीची तार दोन-दोन फुटांवर ताणा आणि त्यावर शीट सरकवा. सांध्यांवर अ‍ॅल्युमिनियम टेप. काम सुरू करताना मेन स्विच बंद. फॉइलमधून वीज वाहते, आणि पत्र्याच्या घरांत परलिनला गुंडाळलेल्या, इन्सुलेशन सोललेल्या वायरी फार असतात. त्या आधी पाइपात घ्या. लोखंडी सांगाड्याला अर्थिंग दिलेलं नसेल तर याच वेळी देऊन टाका. चूल किंवा शेगडी जिथे पेटते त्याच्या वर बबल शीट आणि थर्माकोल नको, दोन्ही पेटतात.

याचा दुसरा फायदा थंडीत दिसतो. माझ्या आत्याच्या घरी, कवठेमहांकाळजवळ, डिसेंबरात पहाटे पत्र्याखालून थेंब टपकायचे. पाऊस नसताना अंथरुणावर ओले डाग. मोकळ्या आकाशाखाली पत्रा हवेपेक्षाही गार होतो आणि घरातल्या माणसांच्या श्वासाची वाफ त्याला लागून पाणी होते. आत्याने त्यासाठी पलंग तीन वेळा हलवला होता. फॉइल घातल्यावर थेंब थांबले, आणि मेमध्ये दुपारची झोपही परत आली.

पायरी ५: गरम हवा वरून जाऊ द्या

आढ्याखाली जमलेली हवा खोलीतल्या हवेपेक्षा बरीच गरम असते, आणि भिंती वरपर्यंत चिणलेल्या असल्या की तिला वाट नसते. दोन्ही त्रिकोणी भिंतींत, आढ्याच्या जितकं जवळ जमेल तितकं, जाळीचे झरोके काढा. वर पावसाची झड अडवायला तिरकी पट्टी. बाहेर जाणाऱ्या हवेइतकी हवा खालून आत यायला हवी, म्हणून सावलीच्या बाजूची खिडकी उघडी ठेवा. वारा आपल्या घरात कुठून कुठे जातो ते उदबत्तीच्या धुराने बघा. शेजारची इमारत, उसाचं रान, गल्लीचं वळण यांमुळे हे घरागणिक बदलतं.

तासगाव-पलूसकडची बेदाणा शेड जरा निरखून बघा. वर आच्छादन, चारी बाजूंनी वारा आरपार. ऊन अडलेलं आणि हवा खेळती. घराच्या आढ्याखाली आपल्याला तेच हवं आहे.

वाऱ्यावर फिरणारा टर्बो व्हेंटिलेटर चांगला, पण तो नेमका कुठे बसवायचा हे महत्त्वाचं. सीलिंग नसलेल्या, एसी लावलेल्या खोलीवर तो बसवला तर तुमची विकतची गार हवा तो वर ओढून नेईल. एसीच्या खोलीला आधी सीलिंग हवं, आणि व्हेंटिलेटरने सीलिंगच्या वरची हवा उपसायची.

पायरी ६: सीलिंग

एसी लावायचाच असेल तर सीलिंगला पर्याय नाही. नाहीतर आढ्यापर्यंतची सगळी हवा गार करत बसावी लागते. पीव्हीसी पॅनल हलके आणि ओल सोसणारे. जिप्समचं सीलिंग दिसायला छान, पण एक गळका स्क्रू त्याचं वाटोळं करतो, म्हणून पावसाच्या पट्ट्यात सिमेंट फायबर बोर्ड बरं. पत्रा आणि सीलिंग यांच्यात सगळ्यात कमी जागी फूटभर तरी अंतर ठेवा. सीलिंगवर दोन इंची ग्लासवूल किंवा रॉकवूल पिशवीबंद अंथरा. हाताळताना तोंडाला मास्क, अंगात पूर्ण बाह्यांचा सदरा. झरोक्यांना बारीक जाळी मारा, नाहीतर उंदीर त्यातच संसार मांडतात.

नवं छप्पर घालणार असाल तर

इथे हात मोकळा आहे, तर सुरुवातीलाच नीट करा. केंद्राच्या 'इको निवास संहिता २०१८' मध्ये घराच्या छपरासाठी उष्णता-वहनाची मर्यादा १.२ (चौरस मीटरला, अंशामागे वॅट) अशी दिली आहे. उघड्या पत्र्याचा आकडा सहा-सातच्या घरात जातो. ५० मिलिमीटर पफ सँडविच पॅनल, म्हणजे दोन पत्र्यांमध्ये भरलेला पॉलियुरेथेन फोम, हा आकडा ०.५ च्या आसपास आणतो. ३० मिलिमीटरचं पॅनलही मर्यादेच्या आत बसतं. त्यात फॉइल, ग्लासवूल, तारा, सगळ्यांचं काम एकदम होतं. पैसे जास्त, पण दोन खोल्यांच्या घराला एसी लावायचाच आहे असं ठरलं असेल तर माझा कौल पॅनलला.

साधा कलर कोटेड पत्रा घेत असाल तर रंग ऑफ व्हाइट घ्या. आपल्याकडे निळ्या पत्र्याची इतकी सवय झाली आहे की दुकानदार विचारतसुद्धा नाही. गडद निळा, विटकरी, हिरवा हे ऊन शोषतात. त्याच दरात फिकट रंग मिळतो आणि तो न घेण्याचं कारण मला आजवर कोणी सांगितलेलं नाही. जाडी ०.४५ मिलिमीटरच्या खाली नको. आणि ती थर व रंगासकट की त्याशिवायची, हे बिलावर लिहून घ्या. गॅल्व्हल्यूमला 'एझेड १५०' म्हणजे दोन्ही बाजू मिळून चौरस मीटरला १५० ग्रॅम थर. घरासाठी तो मागा. पत्रा ग्राइंडरने कापू देऊ नका. ठिणग्यांनी थर जळतो आणि कडा दोन पावसाळ्यांत गंजते. कात्रीने कापा, आणि संध्याकाळी छपरावरचा लोखंडाचा चुरा झाडून घ्या. राहिला तर सकाळच्या दवात त्याचे तपकिरी ठिपके पडतात.

वळचण दोन फूट बाहेर काढा, पश्चिमेला जमलं तर तीन. पश्चिमेची तापलेली भिंत हे पत्र्याच्या घराचं दुसरं दुखणं असतं. मात्र वळचण वाढली की वळवाचा वारा तिच्याखाली घुसून पत्रा उचलतो, म्हणून कडेच्या दोन रांगांत प्रत्येक उंचवट्यावर स्क्रू मारा आणि परलिनमधलं अंतर तिथे कमी करा.

स्लॅबच्या घरावर पत्र्याची शेड

कराड, इस्लामपूर, सांगलीत आता निम्म्या घरांच्या गच्चीवर शेड दिसते. ती बहुतेकांनी गळतीसाठी घातलेली असते, पण खालच्या मजल्याच्या गारव्यासाठीही ती फार उपयोगी आहे. स्लॅबला ऊन लागलंच नाही तर तो रात्री सोडणार काय? अट एवढीच की शेड चारी बाजूंनी मोकळी हवी. लोक ती पत्रे लावून बंद करतात, सामान भरतात, आणि मग वर एक तापलेली खोली तयार होते. कठड्याच्या वर जाळी मारा, हवा वाहू द्या. पत्रा इथेही पांढराच. खांबांच्या प्लेटा घराच्या कॉलमवर किंवा बीमवर अँकर बोल्टने बसवा. नुसत्या स्लॅबमध्ये मारलेले बोल्ट वादळात स्लॅबचा तुकडा घेऊन निघतात. आणि नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीची परवानगी आधी घ्या.

गच्चीवर शेड घालायचीच आहे तर तिचा सांगाडा सोलरचं वजन धरून करा. प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत (फेब्रुवारी २०२४) घरगुती सोलरला पहिल्या दोन किलोवॅटपर्यंत किलोवॅटमागे ३०,००० रुपये आणि तीन किलोवॅट किंवा जास्त असेल तर एकूण ७८,००० रुपये अनुदान आहे. एक किलोवॅटला साधारण शंभर चौरस फूट जागा लागते आणि रोज चारएक युनिट मिळतात. पॅनलची सावली पत्र्यावर पडते ती वेगळी.

पैसे नाहीत, किंवा घर भाड्याचं आहे

तरीही करण्यासारखं आहे. शेडनेट पत्र्यावर थेट टाकू नका. फूटभर उंच बांबूवर किंवा अँगलवर ताणा, म्हणजे मधून वारा जातो. द्राक्षबाग काढलेल्या शेतकऱ्याकडे जुने अँगल आणि तार स्वस्तात मिळतात. त्याच तारांचा मांडव छपराच्या वर करून दोडका, घोसाळं, कृष्णकमळ चढवलं तर एप्रिलपर्यंत पांघरूण होतं. वेल पत्र्यावरच पसरू दिला तर ओल धरून पत्रा गंजतो. आत जुन्या साड्यांचं दुहेरी छत ताणलं तरी झळ जाणवण्याइतकी कमी होते. दिवा आणि शेगडी यांपासून ते लांब ठेवा. उसाचं पाचट छपरावर पसरू नका. एका ठिणगीचा प्रश्न आहे. आणि पत्र्यावर पाणी मारत राहणं जत-आटपाडीत परवडणारं नाही. जिथे पाणी आहे तिथेही पत्रा गंजतो आणि बोअरच्या क्षाराचे पांढरे थर चढतात.

आता यंत्र

छप्पर झालं, पुन्हा मोजलं, की मग एसीचा आकार ठरवा. आधी दीड टन लागणाऱ्या खोलीला आता एक टन पुरू शकतो. डीलरला सांगा की छप्पर झाकलेलं आहे, नाहीतर तो 'पत्र्याचं घर' ऐकून दीडच लावेल. २०२० पासून नवे एसी २४ अंशांवरच सुरू होतात. ऊर्जा दक्षता ब्युरोच्या हिशोबाने एक अंश वाढवला की सुमारे सहा टक्के वीज वाचते. झळ गेल्यावर २६-२७ अंश आणि सोबत पंखा पुरतो, कारण अंगाला पूर्वी हवेपेक्षा छपराचाच जास्त त्रास होता. जुना पंखा ७५ वॅट खातो, कमी वीज खाणाऱ्या मोटरचा बीएलडीसी पंखा तीसच्या आसपास.

मार्च ते मे आपल्या पूर्व भागात हवा इतकी कोरडी असते की कूलर उत्तम चालतो, एसीच्या कितीतरी कमी विजेवर. कूलर चालू असताना खिडकी उघडी हवी. जूनमध्ये ढग आले की तो बंद करा, नुसती दमट हवा फिरते.

देखभाल फारशी नाही. मार्चमध्ये, कारखान्याचा भोंगा बंद झाल्यावर, छप्पर एकदा धुऊन काढा. त्याच वेळी गंजाचे नवे डाग खरवडून प्रायमर आणि लेपाचे ठिगळ द्या, वायसर बघा, झरोक्यांतली पाखरांची घरटी रिकामी असतील तरच काढा. काळा टेप पत्र्यावर तसाच राहू द्या आणि दरवर्षी त्याच जागी तापमान टिपा. आकडा पाच-सात अंशांनी चढलेला दिसला आणि धुऊनही उतरला नाही, की पुढच्या जानेवारीत एक हात नवा लेप द्यायचा.